सुगंध : सोबती की वैद्य ?

आमच्या घरी देवघराखालच्या फळीवर आजीचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात निलगिरी तेलाची बाटली, ओव्याचा अर्क, कापराच्या वड्या, कपाळाला चोळायचा पिवळा बाम, पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी आणि अत्तराची एक रिकामी कुपी एवढा ऐवज सुखाने नांदत होता. घरात कुणाला पडसे झाले की डबा उघडायचा, डोके उठले की डबा, पोट दुखले की डबा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप येईनाशी झाली तरी डबाच! आजी रुमालावर दोन थेंब टाकून तो माझ्या उशाशी ठेवी आणि मला खरोखरच झोप लागे. अलीकडे ‘अरोमाथेरपी’ हा शब्द कानावर येऊ लागला, तेव्हा मला हसू आले. ही विद्या आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात कधीपासूनच नांदत होती, असे मला वाटले.

मित्रहो, त्या हसण्याची किंमत मी मोजली, म्हणून हा लेख.

गेल्या जानेवारीतील गोष्ट. गड्ड्याची जत्रा सुरू होती आणि त्यासाठी ताई माहेरी आली होती. तिचा मुलगा दोन वर्षांचा. मला सर्दी झाली म्हणून मी पातेल्यात गरम पाणी घेऊन वाफारा घ्यायला बसले. चार थेंब टाकले आणि निलगिरीची बाटली, टोपण नीट न लावता, जमिनीवरच ठेवली. डोक्यावरून चादर घेतलेली असल्यामुळे मला काहीच दिसले नाही. ऐकू आला तो भाच्याचा ठसका. बाटली त्याच्या हातात होती आणि तोंडाला निलगिरीचा भपकारा येत होता. किती पोटात गेले ते कळायला मार्ग नव्हता. दहा-पंधरा मिनिटांत त्याचे अंग सैल पडू लागले आणि डोळ्यांवर झापड आली. आजी मिठाचे पाणी करायला धावली, पण ते पाजण्याआधीच शेजारच्या काकांची रिक्षा दारात आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, “उलटी काढलीत का ?” नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बरे केलेत. उलटी होताना हे फुफ्फुसात उतरले असते.” त्यांनी मुलाला रात्रभर नजरेखाली ठेवले. पहाटे थोडा वेळ माझा डोळा लागला, तर स्वप्नातही तोच वास! दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने बिस्कीट मागितले, तेव्हा आजी पहिल्यांदा रडली. निघताना डॉक्टरीणबाई मला एकच वाक्य म्हणाल्या, “बाटलीवर तेल लिहिलेले असते, पण हे तेल नव्हे, अर्क आहे.”

घरी आल्यावर आजीने डबा उचलला आणि कचऱ्यात टाकायला निघाली. “चाळीस वर्सं ह्याच डब्यावर तुमाला वाढवलं,” ती म्हणाली, “मग मी काय इख सांभाळलं का गं ?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण आजीला उत्तर देणे मला भाग होते. त्यासाठी वाचले, विचारले, त्यातले जे समजले ते इथे मांडते.

डॉक्टरीणबाईंच्या वाक्याचा अर्थ मला विज्ञान शाखेच्या एका सरांनी कागदाच्या दोन तुकड्यांवर समजावून दिला. एकावर त्यांनी करडईच्या तेलाचा थेंब टाकला, दुसऱ्यावर निलगिरीचा. थोड्या वेळाने पाहिले, तर करडईचा डाग तसाच तेलकट आणि निलगिरीचा डाग जवळजवळ नाहीसा! आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या सोबतीने पिकणारी करडई, तीळ, शेंगदाणा, खोबरे यांची तेले ही स्थिर तेले. ती म्हणजे स्निग्ध पदार्थ. आपण ती खातो आणि अंगाला चोळतो. निलगिरी, पुदिना, ओवा, गवती चहा, वाळा यांची तेले निराळ्याच जातीची. त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. त्यांत स्निग्धता नसते. वनस्पतीने कीड हाकलण्यासाठी वा भुंगा बोलावण्यासाठी पानाफुलांत साठवलेल्या सुगंधी रसायनांचे ते मिश्रण असते. निलगिरीत मुख्यत्वे सिनिओल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल, पुदिन्यात मेंथॉल. दोन्हींना आपण ‘तेल’ या एकाच नावाने हाक मारतो, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

ही तेले काढतात ती ऊर्ध्वपातनाने. पाने वा फुले मोठ्या भांड्यात घालून त्यांतून वाफ सोडायची, ती वाफ नळीने थंड भांड्यात न्यायची, तिचे पाणी झाले की वर तरंगणारे तेल वेगळे करायचे. उत्तर प्रदेशातील कनौजला आजही तांब्याच्या डेगांत अशी अत्तरे निघतात. आपल्या महाराष्ट्रातही हा धंदा जुना आहे. खानदेश आणि विदर्भाच्या जंगलांत रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. गुलाबाची नक्कल करणारे आपले खानदेशी गवत! पण या सगळ्यात ध्यानात ठेवण्याजोगा आहे तो आकडा. एक किलो गवती चहाच्या तेलाला सुमारे दोन-तीनशे किलो गवत लागते, आणि एक किलो गुलाबतेलाला तीन ते चार हजार किलो पाकळ्या. म्हणजे बोटभर बाटलीत आख्खे वावर कोंडलेले असते. चहात गवताची दोन पाती टाकणे आणि त्या तेलाचा चमचा पिणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, ते यावरून समजावे.

मग आपल्या पूर्वजांनी सुगंध वापरला तो कसा ? इथे मी माझ्या विषयाकडे वळते. सोलापुराहून हैदराबादच्या वाटेला लागले की उमरग्यापुढे बसवकल्याण लागते. तेच जुने कल्याणी, चालुक्यांची राजधानी. आपला मुलूख त्यांच्याच राज्यात होता. त्या गादीवरील तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने सुखाचा उपभोग कसा घ्यावा हे सांगताना त्यात स्नान, विलेपन आणि धूप यांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्याच्याही सहाशे वर्षे आधी वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचा अध्याय लिहिला, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती प्रकार होतील याचा हिशेबही केला : १८२०! मराठी वाचकाला अधिक आनंद व्हावा अशी गोष्ट पुढची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात एक हस्तलिखित उजेडात आणले. त्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ असून ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. सुगंध कसे सिद्ध करावेत हे शिकवणारे मराठी गद्य शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवले होते!

ही परंपरा ग्रंथांतच राहिली असे नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरी तयार होणारा बुक्का घ्या. कोळशाच्या पुडीत नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा अशी सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि वारकऱ्याच्या कपाळी लागतो तो चिमूटभरच. दिवाळीचे उटणे घ्या, माठात टाकलेली वाळ्याची जुडी घ्या, बाळंतिणीच्या खोलीतील शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीवर पाणी मारले की खोली गार होते. तो गारवा बाष्पीभवनाचा. वाळा त्याला सुवास देतो आणि मनाला तो गारवा दुणा वाटतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सुगंध नेहमी कशात तरी विरलेला असे, पाण्यात, तिळाच्या तेलात, पिठात नाहीतर धुरात. प्रमाण चुकले तरी फारसे बिघडत नसे, कारण चुकायला जागाच थोडी होती.

नेमका हाच बदल आमच्या घरच्या डब्यात झाला आणि कुणाच्या लक्षात आला नाही. ओव्याच्या पुरचुंडीजागी अर्काची बाटली आली, पाल्याच्या वाफाऱ्याजागी निलगिरी आली. निलगिरी हे झाडसुद्धा मूळचे ऑस्ट्रेलियातले. एकोणिसाव्या शतकात ते दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत लावले गेले आणि आपण त्याला डोंगराचेच नाव दिले. बाटली नवी आली, पण हात जुनाच राहिला. चिमूटभर, ओंजळभर मोजणाऱ्या हाताला थेंब मोजायची सवय नव्हती. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे सापडले.

उरलेले अर्धे उत्तर असे : या सुगंधांचा खरोखर उपयोग होतो का ? आणि होत असेल तर किती ?

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रेने मॉरिस गॅटफॉस या फ्रेंच रसायनज्ञाचा. १९३७ साली त्याने याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९१० साली प्रयोगशाळेत त्याचा हात भाजला, जखम चिघळली आणि लव्हेंडरच्या तेलाने धुतल्यावर ती सुधारली, हा त्याचा अनुभव. पुढे हा विचार मसाजगृहांत आणि सौंदर्यप्रसाधनांत शिरला, आणि आता तो दुकानांतून व मोबाईलवरून दहा-दहा मिलिलिटरच्या बाटल्यांत विकला जातो. झोप, चिंता, दमा, मधुमेह, केस गळणे, सगळ्यांवर एकच उपाय! एवढे दावे एकाच बाटलीवर लिहिलेले दिसले की आपण सावध झालेले बरे.

वासाचा मनावर परिणाम होतो हे मात्र निश्चित. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि माणसात वास टिपणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राही प्रथिने असतात. त्यांमागची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत वळसा घेऊन जाते. वासाचा संदेश मात्र भावना आणि आठवणी यांचे व्यवहार चालवणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट पोहोचतो. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की शाळेचा पहिला दिवस आठवतो, त्याचे कारण हे. परीक्षेच्या रात्री मला झोप लागे ती नुसत्या निलगिरीने नव्हे. त्या वासात आजी होती, लहानपणी छातीवरून फिरलेला तिचा हात होता. ‘आता काळजी नाही’ हा निरोप तो वास घेऊन येई.

पडशात नाक मोकळे होते, तेही असेच गमतीचे आहे. मेंथॉलने नाकातली सूज उतरत नाही. आत जाणारी हवाही मोजून पाहिली तर फारशी वाढलेली नसते. नाकातील नसांवर थंडी ओळखणारे जे ग्राही असतात, त्यांनाच मेंथॉल चेतवते. मेंदूला वाटते गार वारा आला, म्हणजे वाट मोकळी झाली. हे ग्राही २००२ मध्ये ओळखणाऱ्या दोन चमूंचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना स्पर्श व तापमान यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. आराम खरा असतो, पण सर्दी होती तिथेच असते.

काही ठिकाणी आरामाच्या पुढेही पुरावा जातो. जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर कपाळाला लावलेले दहा टक्के पुदिना तेलाचे द्रावण पॅरासिटामॉलच्या बरोबरीने उतरले. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनाचे पिवळे बोट कपाळावर ओढणाऱ्या पिढ्या अगदीच भ्रमात नव्हत्या म्हणायच्या! पुदिना तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल पोटाच्या काही तक्रारींवर डॉक्टर देतात. सौम्य चिंतेवर लव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलही जर्मनीत अभ्यासल्या गेल्या आहेत. पण ही मोजून बनवलेली औषधे आहेत. बाटली तोंडाला लावण्याचा तो परवाना नव्हे. दमा, मधुमेह, रक्तदाब, कर्करोग हे आजार सुगंधाने बरे होतात, याला आधार नाही. मन शांत होणे आणि रोग बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचे मोल कमी नाही, पण दुसरीच्या नावाने पहिली विकणे ही फसवणूक आहे.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांनीही भुलून जाऊ नये. धोतरा नैसर्गिकच आहे! कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९८० च्या दशकापासून अंगाला लावायच्या औषधांत कापराचे प्रमाण अकरा टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. निलगिरीचे चमचाभर तेलसुद्धा लहानग्याला बेशुद्ध करू शकते. भाच्याच्या पोटात नेमके किती गेले हे मला कधीच कळणार नाही. चमचाभर गेले नसावे, एवढेच मी मनाला समजावते.

वसतिगृहात किंवा घरी ज्यांना ही तेले वापरायची असतील, त्यांच्यासाठी मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. तेल पोटात घेऊ नये. अंगाला लावायचे तर तसेच लावू नये. खोबरेल, तीळ वा करडईच्या ३० मिलिलिटर तेलात दहा-बारा थेंब पुष्कळ झाले, आणि आधी मनगटावर लावून एक दिवस पाहावे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाशी वा छातीला कापूर, मेंथॉल, निलगिरी लावू नये. तान्ह्या बाळाला कापूर घातलेले खोबरेल चोळण्याची आपल्याकडची सवय सोडावी. लिंबू जातीच्या फळांच्या सालींतून दाबून काढलेले तेल लावून उन्हात जाऊ नये, कातडी भाजून डाग पडतात. आणि आपल्या सोलापूरचे ऊन काय आहे हे मी सांगायला नको. दमेकऱ्याच्या खोलीत उग्र वास किंवा उदबत्तीचा धूर नको. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि कुणाच्या पोटात गेलेच, तर उलटी काढू नये, मीठपाणी पाजू नये, बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा.

राहिला आजीचा प्रश्न. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर कागदाचे दोन तुकडे ठेवले आणि सरांनी केलेला प्रयोग करून दाखवला. निलगिरीचा डाग विरत गेला तशी ती कागदाकडे बघत राहिली. मी म्हटले, “आजी, तू इख सांभाळलं नाहीस. तू थेंब मोजत होतीस. बाटली उघडी ठेवली ती मी.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग टाकायचा नाही म्हनतीस डबा ?”

डबा टाकला नाही. आता तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि त्याला कडी आहे. प्रत्येक बाटलीवर मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : ‘पोटात घ्यायचे नाही’. आजीला वाचता येत नाही, म्हणून त्याखाली तांबड्या शाईने एक फुली काढली आहे. अंग मोडून आले की ती मला हाक मारते, मी डबा खाली काढते, आणि तिच्या पदराच्या टोकाला दोन थेंब लावते. दोनच. ती पदर नाकाशी धरून डोळे मिटते. तिचे गुडघे त्याने बरे होत नाहीत हे तिलाही ठाऊक आहे. गुडघ्यांसाठी आम्ही दर महिन्याला दवाखान्यात जातो. तेव्हाही तिच्या पदराला तो वास असतो.